तिसऱ्या रविवारची हरकत

बहात्तराव्या वर्षी माझं लग्न ठरलं, यात हसण्यासारखं काही नाही. तरी बोर्डीच्या आमच्या वृद्धनिवासातली चोवीस म्हातारी माणसं आठवडाभर हसत होती. नवरा मुलगा अमृत, वय पंचाहत्तर, उधव्याचा, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. मी नातालीन, वसईची, चाळीस वर्षं नर्स, लग्नाला वेळच मिळाला नाही. सकाळी चिकूच्या झाडांखाली तो माझ्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागला आणि मी त्याला हटकलं नाही, एवढंच आमचं प्रेमप्रकरण.

आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वधूवरांची नावं पुकारतात आणि कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने येऊन सांगावा, असं फादर बजावतात. अडथळा म्हणजे आधीची जिवंत बायको, रक्ताचं नातं, असलं काही. इतर ठिकाणी हे वाक्य कोणी कान देऊन ऐकतही नाही. पण आमची माणसं म्हातारी, देवभीरू आणि रिकामी. पहिल्या रविवारी फादर संदीपनी ते वाक्य वाचलं आणि दुपारी त्यांच्या ऑफिसबाहेर रांग लागली. ठाऊक असून सांगितलं नाही तर पाप लागेल ना.

देवकीबाईंनी सांगितलं, अमृत पत्त्यांत लबाडी करतो. सदानंदमास्तरांनी माझ्याबद्दल सांगितलं, डायबिटीस असून मी दोनदा नाताळचा केक चोरून खाल्ला, आणि त्या वेळी ते स्वतः सोबत होते. एकाने तर अमृतच्या घोरण्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंगच नेलं. फादर तिशीतला माणूस. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मग दार लावून घेतलं. आतून बराच वेळ आवाज येत होता आणि तो खोकल्याचा नव्हता.

दुसऱ्या रविवारी रांगेत अमृत स्वतः उभा. आपली कवळी आहे हे आधीच सांगितलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला कॉलर धरून बाहेर काढलं.

रांगेत एकच बाई कधी दिसली नाही, ती रुझाय. अकरा वर्षं आम्ही दोघी एका खोलीत राहतो, ती मला लाडाने 'नाते' म्हणते. नावं पुकारल्यापासून तिने माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. काही विचारायला गेलं की जपमाळ हातात घ्यायची, आणि माळ करणाऱ्या बाईला कोण टोकणार? दिवसाला नऊ नऊ माळा होऊ लागल्या. मला तिचा राग येत होता आणि रागाखाली रडू. या बाईला एकटं टाकून जोडप्यांच्या खोलीत जायला माझं पाऊल उचलत नव्हतं. ती नको म्हणाली तर लग्न मोडायचं, असं मी ठरवलं आणि अमृतला तसं सांगूनही टाकलं. त्याने टोपी हातात दोनतीनदा फिरवली आणि बरं म्हणाला. त्या 'बरं'नंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या रविवारी फादरांनी पुस्तक अगदी तोंडासमोर धरून ते वाक्य वाचलं. आणि रुझाय उभी राहिली.

"मला हरकत आहे, फादर," ती म्हणाली. "काचबिंदू झाल्यापासून सकाळ-रात्र ही माझ्या डोळ्यांत थेंब घालते. मला जमत नाय, बाटली बघितली की डोळे मिटतात. ही गेली की कोण घालणार?"

निवास सांभाळणाऱ्या सिस्टर निलमनी घाईघाईने सांगितलं की आम्ही घालू. रुझायने तिकडे मानही वळवली नाही. लग्न मोडलं हे सांगायला मी उठलेही, पण पुरुषांच्या बाजूला माझ्याआधी अमृत उठला होता.

"मी घालीन, बाय. रोज," तो म्हणाला. "तुमी आमच्या शेजारच्या खोलीत या."

रुझायने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग पर्समधून बाटली काढली आणि आत्ताच घालून दाखवा म्हणाली. मिस्सा थांबली. फादर वेदीपाशी उभेच. अमृत बाकांमधून वाट काढत आला, रुझायने मान मागे टाकली आणि सगळं चॅपेल उठून बघू लागलं. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला. दुसरा कपाळावर. मागून मास्तर सूचना देऊ लागले, त्यांना अमृतने गप्प केलं. मग एसटीच्या त्या ड्रायव्हरने डाव्या हाताने तिची पापणी अलगद धरली आणि तिसरा थेंब नेमका उजव्या डोळ्यात सोडला.

पाणी मात्र तिच्या दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं.

"हरकत नाय, फादर. पुढे वाचा," ती म्हणाली. मी अजून उभीच होते. तिने माझा पदर ओढला.

"नाते, बस खाली," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्यात तू घाल."