नाडीबाबांची नाडी

“निघाली! निघाली!” हॉलभर गलका झाला. नाडीबाबांनी घड्याळवाल्याच्या पोटरीला तोंड लावून जोरात चोखलं होतं आणि आता त्यांच्या ओठांतून लांबच लांब लाल दोरी बाहेर येत होती. “ही बघा, नासकी नाडी!”

घड्याळवाल्याची धाकटी बहीण, गल्लीतली टेलरताई, तिनेही तेव्हा हात जोडले. करणार काय? दादाच्या पोटरीवर उठलेली कडक, लाल शीर आठवड्यात खरंच बसली. मग दंडावर उठली. “माझ्या भीतीने पळतेय!” बाबा गरजले. “आणखी सात बैठका!” वजन झरझर उतरलं, तरी दादा आपला खूश. म्हणे, घाण निघतेय!

तीन महिन्यांनी ताईने त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या.

“शीर पळत नव्हती हो,” बाई म्हणाल्या. “शिरांत रक्त गोठत होतं. असं जागा बदलत गोठायला लागलं की आत कॅन्सर दडलाय का, ते बघावं लागतं. दर वेळी असतोच असं नाही. यांना आहे, स्वादुपिंडात. तेव्हाच आला असतात तर कदाचित ऑपरेशन जमलं असतं.”

घरी येऊन ताईने, बाबांनी मंतरून दादाच्या उशाखाली ठेवायला दिलेली ती नाडी उपसली आणि तिचं डोकंच फिरलं. टोकाला निळे टाके! लहान मुलांच्या पायजम्याच्या नाडीला असे टाके फक्त तीच घालायची. ‘आश्रमातल्या पोरांसाठी’ म्हणून बाबांचा शिष्य दर सोमवारी तिच्याकडूनच डझनभर न्यायचा.

“मेल्या, माझ्याच नाडीने माझ्याच भावाचा गळा आवळलास? थांब!”

पुढच्या सोमवारी तिने शिष्याला मिरचीच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवलेल्या नाड्या दिल्या.

गुरुवारी बाबांच्या बैठकीत ती पहिल्या रांगेत बसली. बाबांनी एका आजींच्या सुजलेल्या पायाला तोंड लावलं. गालातल्या नाडीला लाळ लागली आणि बाबांनी बोंबच ठोकली. “मेलो! पाणी! पाणी!” नाडी थुंकीसकट जमिनीवर पडली.

“खबरदार कुणी पाणी दिलंत तर!” ताईने नाडी उचलून निळं टोक सगळ्यांपुढे नाचवलं. “माझ्या दुकानातली पायजम्याची नाडी आहे ही! गालात लपवतो आणि चोखायचं सोंग करतो. चोख आता!”

लोक पोट धरून हसले. तिला मात्र रडू फुटलं.

“हसताय काय? दादाची शीर आपोआप बसली आणि आपण टाळ्या पिटल्या. मीसुद्धा! आजी, उठा. पायजम्याची नाडी माझ्याकडे मिळेल, हाताची डॉक्टरांना दाखवा. दादाला उशीर झाला. तुम्ही आत्ता चला, मी येते बरोबर.”