कडू साल गाय खात नाही

केझिया लॉकियर माझ्या नवऱ्याला फसवते आहे असं मी ठामपणे मानत होते. तसं मानायला मला कारणही होतं.

जोबची बोटं गाठाळली होती. टोपल्या विणणाऱ्याची बोटं म्हणजे त्याचं पोट. आमचं तर घरही त्या बोटांवर टांगलेलं. कारखान्याच्या शेडमध्ये जोबची विणकामाची बैठक आहे तोवर कारखान्याची खोली आमची. बैठक गेली की बिऱ्हाड रस्त्यावर. मुकादम पोकॉकच्या बहिणीचा मुलगा त्या बैठकीवर मांजरासारखा टपून होता. पोकॉक रोज जोबनं विणलेली पाटी उचलायचा आणि बुडाला अंगठा दाबायचा. बूड दबलं की बोलायचा नाही, नुसता हुंकार द्यायचा. त्यापेक्षा शिवी परवडली.

जोब टिकला तो शेजारच्या केझियामावशीच्या सालीवर. बांधावरच्या कडू विलोच्या झाडाची साल ती सोलायची, सावलीत वाळवायची आणि पुरचुंडी करून द्यायची. बदल्यात माझ्या कोंबड्यांची अंडी. जोब अंडी घेऊन जायचा, साल घेऊन यायचा, बरणीत भरायचा, आणि मी काढा उकळायचे. काढा इतका जहर की पिताना तो माझ्या आईचा उद्धार करायचा. पण थोड्या वेळाने मूठ वळायची. ईस्टरपर्यंत हे असं चाललं.

मग काढा लागू पडेना. जोब पेल्यावर पेले प्यायचा, पण सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता यायची नाही. त्याच दिवसांत मी केझियामावशीला पोकॉकच्या मागच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. एप्रनखाली काहीतरी झाकलेलं. मला बघून म्हणाली, "हवा छान पडलीय आज." पाऊस पडत होता.

"म्हातारी पोकॉककडे कशाला जाते?" मी घरी येऊन विचारलं.

"लग्न ठरत असेल," जोब म्हणाला.

"त्या पोराला तुझी बैठक मिळावी म्हणून तिनं साल बदलली असली तर?"

"थर्झा, तुला प्रत्येक झुडपामागे चोर दिसतो."

"असतातच. नसते तर मालकाचा बंगला कुठून उभा राहिला?"

तो हसला नाही. माझ्या हातातला पेला घेऊन, पाठ फिरवून प्यायला. ती फिरवलेली पाठ मला खटकायला हवी होती. पण माझं सगळं ध्यान म्हातारीवर.

शनिवारी पोकॉक नव्या हंगामाच्या बैठका कुणाला ते सांगणार होता. त्याच्या आधी मला खरं काय ते हवं होतं. मी बरणीतली साल मुठीत घेतली आणि फाटकाशी गाई उभ्या होत्या तिथं गेले. आमच्याकडे शेताच्या कडेनं कडू विलो लावतात ते उगाच नाही. त्याला जनावर तोंड लावत नाही. वासरालासुद्धा कळतं. मी हात पुढे केला. गाईनं साल खाल्ली, तळहात चाटला आणि आणखी मागायला मान पुढे केली.

उरलेली साल घेऊन मी तशीच सोलणीच्या शेडमध्ये गेले. मे महिना, टोपल्यांसाठी तोडलेल्या विलोच्या फोकांत रस चढलेला. सगळ्या बाया लोखंडी चिमट्यांतून फोक ओढत साल काढत बसलेल्या. केझियामावशी त्यांच्यातच. मी साल तिच्या मांडीवर टाकली.

"चावून दाखव, मावशी."

चिमटे थांबले. "आता करमणूक," कुणीतरी पुटपुटलं.

"मी काय गाय आहे?" म्हातारी म्हणाली.

"गाईनं खाल्ली. म्हणूनच आले."

तिनं एक तुकडा उजेडात धरला. मग तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि थुंकला.

"कारखान्याच्या काहिलीतली, मोठ्या कढईतली आहे ही. दिवसभर उकळलेल्या फोकांवरची. जे काय होतं ते पाण्यात गेलं, हा नुसता चोथा. रंग बघ, तांबूस. माझी साल कधी अशी असते?"

"तूच तर दिलीस."

"मी? अगं बये, ईस्टरनंतर तुझा जोब माझ्या दारात आलेला नाही. मला वाटलं, तुम्हाला अंडी जड झाली."

"अंडी तर तो रोज घेऊन निघतो."

"मग दुसरी कोंबडी बघितली असेल त्यानं," मागून आवाज आला, आणि शेड हसली. मला हसू आलं नाही.

"आणि पोकॉककडे काय काम असतं तुझं?"

तिनं आवाज उतरवला. "त्याचा गुडघा. तोही माझ्याच सालीचा काढा पितो. मालकाला लंगडा मुकादम नको असतो, म्हणून मागचं दार."

मी तिची माफी मागितली नाही. पाय घराकडे वळले.

जोब अंगणात होता. मी बरणी त्याच्यापुढे आपटली.

"पोट जळायचं," तो म्हणाला. "आधी वाटलं, सायडरची दारू बाधली. मग शौचाला काळं पडायला लागलं. डांबरासारखं. एकदा उलटीत रक्त आलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डॉक्टर आणला असतास. डॉक्टरनं कारखान्यात कळवलं असतं. मावशीची साल सोडली, पण तुला पेला दिसायला हवा म्हणून काहिलीजवळची उचलून आणली. अंडी मीच पीत होतो, कच्ची. आग जरा कमी व्हायची." मग म्हणाला, "तोंड वाकडं करायचं तेवढं विसरलो."

मला त्याला मारावंसं वाटलं. मग त्याला नाही, ज्यांच्या पाट्यांसाठी माणसानं हात ठेवू की आतडी असा हिशेब करत बसायचं, त्यांना.

शुक्रवारी मी आणि केझियामावशी पोकॉककडे गेलो. पुढच्या दारानं. मावशीच्या हातात गरम किटली.

"जोब बैठक सोडतोय," मी म्हटलं. "काहिलीचा जाळ सांभाळायला माणूस हवाय ना? तो सांभाळेल. वाफेत बोटं सैल राहतात. खोली आमचीच राहील."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर काही नाही, पोकॉकसाहेब," मावशी म्हणाली. "माझी साल संपली, इतकंच."

पोकॉकनं गुडघ्यावर हात फिरवला. "तो बैठक का सोडतोय?"

खोटं बोलायचं मला कारण नव्हतं. "ही पिऊन त्याच्या पोटातून रक्त गेलं. तुम्हालाही शौचाला काळं पडायला लागलं तर पिणं थांबवा."

त्याचा चेहरा उतरला. किटलीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, मग पेला भरून माझ्यापुढे सरकवला. "आधी तू पी."

मी प्यायले. जहर. तोंड त्याला दिसेल असं वाकडं केलं. मगच तो प्यायला.

शनिवारी बैठक त्याच्या भाच्याला मिळाली. खोली आमच्याकडे राहिली. जोब आता काहिलीपाशी असतो आणि म्हणतो, काही पीत नाही, पोट ठीक आहे. म्हणू दे. रोज सकाळी त्याचं खाटेखालचं शौचाचं भांडं मीच रिकामं करते, आणि रिकामं करण्याआधी दारात नेऊन उजेडात बघते.