टाके निघेपर्यंत

लष्करी दवाखान्यातल्या कोपऱ्याच्या खोलीत पकडून आणलेला एक माणूस होता, आणि त्याच्या मांडीवरचे टाके काढायचे डॉक्टरबाई टाळत होत्या. आळस म्हणून नव्हे. तिथला रिवाजच तसा होता: अंगात टाके आहेत तोवर पेशंट डॉक्टरचा, टाके निघाले की चौकशीवाल्यांचा. हा नियम कुणी केला देव जाणे, पण सगळे तो इमानेइतबारे पाळत. जखम म्हणे जिन्यावरून पडून झाली होती. चौकशीच्या त्या बैठ्या इमारतीला जिनाच नव्हता.

चौकशीच्या साहेबांना वॉर्डात ‘मऊसाहेब’ म्हणत. आवाज कधी चढायचा नाही, येताना बूट पुसून यायचे. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय!

“आमचा पाहुणा कसा आहे, डॉक्टर?” ते रोज दारातून विचारत.

“जखम ओली आहे अजून.” बाई रोज तेच सांगत.

“सावकाश होऊ द्या. घाई कुणाला आहे?”

जखम कधीच भरली होती. ड्रेसिंग दुसऱ्या कुणाला करू न देता त्या स्वतः करत, वर जाड पट्टी बांधत, आणि आपण कुणाला तरी वाचवतोय या समाधानात घरी जात.

घरी मात्र एकदा जेवताना त्यांनी सगळं नवऱ्याला सांगून टाकलं. नवरा शाळामास्तर, त्याला सगळे प्रश्न फळ्यावर सुटतात असं वाटे.

“राजीनामा देऊन टाक,” तो म्हणाला.

“बाँड संपायचाय. आणि मी गेले, तर माझ्या जागी येणारा टाके वेळेवर काढेल.”

“मग असं किती दिवस चालवणार?”

“ते माहीत असतं तर तुझ्यासमोर अशी रडत बसले असते का?” बाई ताटावरून उठल्या.

पण शरीराला कुठे कुणाचा बाँड असतो? नको तितके दिवस आत राहिलेले टाके चिघळले. भोकांतून पू येऊ लागला, मांडी तापली, त्या माणसाला हुडहुडी भरली. वॉर्डची सिस्टर जुनीजाणती. तिने एकदा पट्टीखाली पाहिलं आणि बाईंना बाजूला घेतलं.

“मॅडम, मी काही विचारत नाही. पण आता ते टाकेच त्याला खातायत.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच! आपल्या हातून आपलाच पेशंट सडतोय, या विचाराने बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की सिस्टरकडे त्यांना बघवेना. त्या चिमटा आणि कात्री घेऊन खोलीत गेल्या.

“मुद्दाम ठेवले होतेत ना?” त्या माणसाने विचारलं.

“हो.”

“मला कळलं होतं. बरं वाटलं होतं.” त्याने दाराकडे पाहिलं, बाहेर पहारेकरी स्टूल टाकून बसला होता. “पण तापात मी बडबडतो, डॉक्टर. तो लिहून घेतो. काढा आता.”

म्हणजे चौकशी इथेच चालू होती, बाईंच्या वॉर्डात, बाईंनीच आणलेल्या तापात. मऊसाहेबांना घाई का नव्हती ते आता कळलं. बाईंनी टाके काढले, पू काढला, औषधं दिली. ताप उतरला. मग त्या स्वतःच साहेबांकडे गेल्या.

“टाके काढलेत. पण त्याला तुमच्या खोलीत नेण्यासारखी त्याची अवस्था नाही. मी परवानगी देणार नाही.”

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुमचं बरोबर आहे. मग असं करा, तुम्हीही या. तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की आम्ही थांबू. माझा शब्द.”

“आणि मी आलेच नाही तर?”

“तर आम्हाला कळणार कसं, कधी थांबायचं ते?”

इकडे आड, तिकडे विहीर. निदान थांबवता तरी येईल, असं मनाला बजावत बाई गेल्या. त्या खोलीत त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडली होती. बाईंना पाहून त्या माणसाचे ताठलेले खांदे सैल पडले. “तुम्ही आहात होय,” एवढंच तो म्हणाला.

पुढे जे झालं ते बाईंनी मास्तरांनाही कधी सांगितलं नाही. त्या “थांबा!” म्हणून ओरडल्या, आणि साहेब शब्दाचे पक्के निघाले. सगळे लगेच थांबले. कुणीतरी पाणी आणलं. बाई जमिनीवर बसल्या आणि त्या माणसाचं मनगट हातात घेतलं. नाडी पळत होती, मग हळूहळू जागेवर येऊ लागली.

“आता पुढे चालू केलं तर चालेल?” साहेबांनी अदबीने विचारलं.

बाईंचं सगळं लक्ष नाडीत होतं. आयुष्यभर पेशंटच्या उशाशी बसून नातेवाइकांना जसं उत्तर दिलं, तसंच तोंडातून निघून गेलं.

“जरा श्वास घेऊ दे त्याला.”

“अवश्य. पाच मिनिटं देऊ,” साहेब म्हणाले, आणि हातातलं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

आपण काय बोललो ते बाईंना तेव्हा कळलं. “नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं...” त्या म्हणू लागल्या. त्या माणसाने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपलं मनगट त्यांच्या बोटांतून काढून घेतलं.