रंगवलेली कडी

तिसरा अंक

दगडूने बेबीच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मागून कुणीतरी टरफलांची पुडी फेकली. पुडी त्याच्या पाठीवर फुटली. शेंगांची टरफलं रंगमंचभर उधळली.

"चुकलो मी, वहिनी! या पाप्याला पदरात घ्या!"

दगडू मनापासून रडत होता. गळ्यात गाठोडं अडकल्यासारखा आवाज, खांदे हलताहेत, मिशी एका बाजूने सुटलेली. परळच्या त्या हॉलात रविवारच्या दुपारी कामगारांनी भरलेल्या खुर्च्यांवर मात्र त्याचा काडीचा परिणाम होत नव्हता.

"ऊठ रे, सोंगाड्या!"

"पोलिसांना निरोप धाडलास, तेव्हा खंय होतं हे रडू?"

"बाई, लाथ घाल त्याला!"

गिरगावातून आणलेल्या बेबीने लाथ घातली नाही. लिहिलेलं होतं तसं तिने त्याला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाली, "पश्चात्तापाने माणूस शुद्ध होतो, सर्जेराव." सगळा हॉल खो खो हसला. पडदा ओढणाऱ्याने ओशाळून तो जरा लवकरच ओढला.

चौथ्या रांगेत सुभद्रा हसली नाही. बेबीच्या अंगावरचं पांढरं लुगडं हिंदमात्यावरून नवं कोरं आणलेलं होतं, त्याची खळसुद्धा मोडली नव्हती. नवरा मेल्यावर आपण कोणतं लुगडं नेसलो होतो, हे ती आठवून पाहत होती. हिरवंच होतं. दुसरं वाळत होतं.

मग तिने मान वळवून मागे पाहिलं. बाहेरच्या दाराशी रामू मुकादम उभा होता. छातीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला, हाताची घडी. लोक दगडूवर ओरडत होते तेव्हा रामूचेही ओठ हलत होते. तोही शिव्या देत होता की दुसरंच काही पुटपुटत होता, ते इतक्या लांबून कळेना.

*

खरं काय झालं होतं ते लालबागेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, त्या गोळीबाराच्या दिवसांत चाळीचं रस्त्यावरचं दार रामू मुकादमाने आतून लावलं. तीन पाळ्यांची चाळ. ते दार एरवी रात्री-दिवसा कधी लागत नसे. त्या दिवशी लागलं. सुभद्रेचा नवरा भिकाजी बाहेर राहिला, आणि गोळी लागून दारातच पडला. रामू म्हणाला, मागे पोलीस होते, बाहेर कोण आहे ते मला काय ठाऊक? अर्धी चाळ म्हणाली, खरं आहे, कुणीही लावलं असतं. अर्धी म्हणाली, भिकाजीची हाक वरच्या मजल्यावर ऐकू आली, ती दाराला पाठ लावून बसलेल्याला येत नाही?

त्यातून श्यामकांतने नाटक केलं. हा गिरगावातला गृहस्थ, बापजाद्यांची दोन घरं, सरकारी कचेरीत नोकरी, आणि कामगारांवर जीव. त्याने दाराची गोष्ट काढून टाकली. त्याच्या नाटकातला सर्जेराव मुकादम भरघोस मिशा ठेवतो, मालकाची विडी पेटवतो, पोलिसांना चिठ्ठी पाठवतो. आणि तिसऱ्या अंकात सुधारतो.

तिसरा अंक, दुरुस्त

"लोक दगड आहेत," श्यामकांत म्हणाला.

"आमचं नाव घेऊ नका, साहेब," दगडू म्हणाला.

दोघे सुभद्रेच्या खाणावळीत पाटावर बसले होते. खाणावळ म्हणजे तिची एकच खोली. पहिली पाळी सुटली की तिथे गावाकडे बायका ठेवून आलेले गडी दाटीवाटीने जेवत. दगडू त्यांतलाच एक, वर्षभरापूर्वी गावाहून येऊन गिरणीत साच्यावर लागलेला. श्यामकांत आज मुद्दाम आला होता. तांबड्या आमटीने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, पण तो ते दाखवत नव्हता.

"सुभद्राबाई, खरं सांगा. तुम्हाला कसं वाटलं?"

"बेबीबाई छान. माझ्याहून गोऱ्या."

"तसं नव्हे. शेवट. सर्जेराव सुधारतो, ते तुम्हाला पटलं का?"

"मी कोण पटवून घेणारी?"

"मी कांदा न लावता रडतो, वयनी," दगडू म्हणाला. "पहिल्या खेळापासून. नाटकपार्टीत विचारा कुणालाही."

"म्हणूनच तर," सुभद्रेने त्याच्या ताटात भात वाढला. "इतकं रडणारा पुन्हा कामाला कधी जातो?"

श्यामकांतने बोटं चाटली. मग उजळला. "मारतो त्याला. शेवटी मोर्चात तो पुढे होतो आणि गोळी अंगावर घेतो. मेलेल्याला लोक माफ करतात."

"करतात," सुभद्रा म्हणाली. "मेल्याला कुणीही करतं. जिवंत राहतो त्याचं काय?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती ओळखीची होती. गेले तीन महिने ती याच वेळेला वर येत, शेवटच्या पायरीवर थांबत.

"वयनी," रामू मुकादम बाहेरूनच म्हणाला. "जागा आसा एक?"

"पंगत भरली."

खोलीत दोन पाट रिकामे होते. भिंतीला टेकवून ठेवलेले, दारातून स्वच्छ दिसतील असे. रामूने ते पाहिले, बिल्ल्यावरून हात फिरवला, आणि पावलं खाली गेली.

शेजारची कमळाबाई दारात हजरच होती. ती नेहमीच असे.

"किती ताणशील गो? बायको गेली त्याची. हॉटेलचं खाऊन पोट बिघडलंय. मोर्चात झेंडा धरतो, तुरुंगात आठ दिवस काढून आला. चाळीचे पंच म्हणतात, सुभद्रेने एकदा पंगतीत घेतला की विषय मिटला. पुढल्या आठवड्यात बैठक आहे, ठाऊक आहे ना? तुझ्या एका शब्दावर अडलंय."

"अडू दे."

"माणूस सुधारतो, बाये."

"आता मुकादमाला विचारतो कोण? भरती त्याच्या हातात राहिली नाही. झेंड्याखाली सावली आहे, म्हणून तिथे उभा आहे." सुभद्रेने पातेलं खरवडलं. "उद्या पंगतीला बसवला, की चाळ म्हणणार, भिकाजीच्या बायकोनेच पुसून टाकलं. मग भिकाजी दारात का पडला, हे पुन्हा कुणी विचारणार नाही."

दगडूचा हात ताटात थांबला. "दारात? पण वयनी, आमच्या नाटकात तर चिठ्ठी..."

"चिठ्ठी कुणी पाठवली नव्हती, रे. कडी लावली त्याने. एवढंच."

"कडी लावणं हे नाट्य नव्हे," श्यामकांत हळूच म्हणाला, आणि पाणी प्याला.

तिसरा अंक, पुन्हा दुरुस्त

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा भरला. सर्जेराव गोळी खाऊन मरतो, ही बातमी घोडपदेवपर्यंत गेली होती. सुभद्रा चौथ्या रांगेत, रामू दाराशी.

मोर्चाच्या घोषणा झाल्या. विंगेत फटाका वाजला. दगडूने छातीला हात लावला, कोलमडला, आणि —

पडला नाही.

पाठीमागे चाळीचा देखावा टांगलेला होता. त्या पडद्यावर माहीमच्या कुणा पेंटराने जिना, कठडा, बंद दार काढलं होतं, आणि दारावर काळ्या रंगाने मोठी कडी. दगडू त्या पडद्याकडे चालत गेला. त्याने कडीला हात घातला. कडी रंगवलेली होती. त्याने ती ओढली, नखाने धरायला गेला, पुन्हा ओढली. कापड हललं, आख्खी चाळ हलली. कडी निघेना. तो रडत नव्हता. एखाद्या माणसाला खरंच दार उघडायचं असावं, तसा तो खटपट करत होता.

विंगेत प्रॉम्प्टर त्याला वाक्य देत होता. ते पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. पण कुणी हसलं नाही. बेबी पुढे यायची ती जागीच राहिली.

"आत कोण आहे?" दगडू कापडाला म्हणाला. लिहिलेलं नव्हतं ते. "उघडा कुणीतरी."

आणि मग मागे दार आपटलं. खरं दार, हॉलचं. सगळ्यांनी माना वळवल्या. रामू मुकादम उभा होता तिथे आता कुणी नव्हतं.

"पळाला," कुणीतरी म्हणालं.

सुभद्रेलाही तेच वाटलं. ती समाधानाने खुर्चीत टेकून बसली. सापडला.

*

ती चालतच घरी आली. ऊन कलत होतं. चाळीच्या दाराशी, जिथे ती रोज न थांबता आत जाई, तिथे आज थांबली. नाटकातली कडी काळी होती. खरी कशी होती? भिंतीला टेकलेली दाराची फळी तिने आपल्याकडे ओढली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

कडी नव्हती.

जिथे ती असायची, तिथे स्क्रूची चार भोकं होती. तिने एकात बोट घातलं. भोकाच्या आतपर्यंत हिरवा रंग गेलेला होता. चाळीला तो रंग दिला होता गोळीबारानंतरच्या दिवाळीत. म्हणजे कडी त्याआधीच निघाली होती. बिल्ल्याच्या आधी, झेंड्याच्या आधी, श्यामकांतच्या नाटकाच्या खूप आधी.

सुभद्रेने बोट बाहेर काढलं. ज्याचे हात त्या कडीने भाजले, तो असं करील. आणि ज्याला खूण मिटवायची आहे, तोही अगदी असंच करील.

*

दुसऱ्या दिवशी पावलं त्याच वेळेला वर आली. शेवटच्या पायरीवर थांबली. पंगतीत दगडू होता, आणखी चौघे होते. सुभद्रा वाढता वाढता उठली आणि दारात गेली.

"कडी कुठे आहे?"

रामूने विचारलं नाही, कुठली. "काढली."

"तू?"

"मी."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

आता तिने तो प्रश्न विचारला, जो रात्रभर घासूनपुसून ठेवला होता. दोन्ही उत्तरं तिला ठाऊक होती. नंतर म्हणेल, नक्की नंतर म्हणेल. पापाची भीती वाटली, बघवेना, म्हणून काढली म्हणेल. दगडूसारखा गळा काढील.

"पोलीस पंचनामा करून गेले. त्याच्या आधी काढलीस की नंतर?"

कमळाबाई तिच्या दारात आली.

रामूने जिन्याच्या कठड्याला धरलं. "आधी."

"का?"

"भियालो, वयनी."

"आणि हा बिल्ला?"

रामूने मान खाली घालून छातीकडे पाहिलं, जणू तो तिथे आहे हे त्याला आत्ताच दिसलं. "तोपण तसाच घातलेला. पयल्यांदा."

"आणि काल? हॉलातून पळालास तो?"

"तवापण भियालो," रामू म्हणाला. त्याने हात जोडले नाहीत, पायही धरले नाहीत. वळला, आणि एक पायरी उतरला.

सुभद्रा त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. खरं बोलणं हेसुद्धा एक सोंग असतं, आणि मुकादमाच्या जातीला ते चांगलं जमतं. तिने असे पाहिले होते. पण असं सोंग घेऊन कुणी उपाशी खाली उतरत नाही.

"शेवंते," तिने खोलीतल्या कामवालीला हाक मारली. "एक पाट दे."

"आत मांडू?"

"आत नको. उंबऱ्याबाहेर."

"अगो, हे कसलं?" कमळाबाई म्हणाली. "घ्यायचं तर नीट घे, नाहीतर—"

"तू जेवायला ये गो, पंचांना मी सांगते काय सांगायचं ते."

रामू उंबऱ्याबाहेरच्या पाटावर बसला. सुभद्रेने ताट त्याच्यापुढे ठेवलं. हातात दिलं नाही. मग ती चुलीजवळ अशी बसली, की त्याचे दोन्ही हात तिला दिसतील.

तो मान खाली घालून जेवत होता. पंगतीतून दगडू त्याच्याकडे चोरून पाहत होता, नट नटाकडे पाहतो तसा.

खाली रस्त्यावरचं दार वाऱ्याने हललं, भिंतीवर आपटलं.

रामूचा घास तोंडाशी थांबला. तो तसाच राहिला, डोळे जिन्याकडे, बोटांतून आमटी मनगटावर ओघळत. मग पावलं वाजली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. दुसऱ्या पाळीचा कुणी गडी गुणगुणत वर आला, रामूच्या पाटाला वळसा घालून पुढे गेला.

तेव्हा कुठे रामूने घास तोंडात घातला.

सुभद्रेने ते पाहिलं. ती भाताचं पातेलं घेऊन उठली, आणि उंबऱ्याकडे आली.