भट्टीचं वळण

टिंग.

पहाटेच्या शांततेत स्वयंपाकघरातून तो आवाज आला, की बाबा उठले हे घराला कळायचं. पाणी पिण्याआधी ते काचेच्या पेल्याला नखाने एक टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. आवाज स्वच्छ आला तर प्यायचं. बद्द आला, तर पेल्याला कुठेतरी तडा गेलेला. तो बाजूला.

नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, सासऱ्यांचा माझ्या भांडी घासण्यावर भरवसा नाही. आठवडाभर मी पेले चारचारदा विसळत होते. मग ह्यांनी हसत हसत सांगितलं की ही खोड मुळात बाबांची नव्हेच, आईची.

सासूबाईंना मी पाहिलं नाही. आमच्या घरामागच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलाशी उभ्या असत. बाटली उजेडाला धरायची, टिचकी मारायची, पुढे सरकवायची. बाबा त्याच कारखान्यात भट्टीवर. कारखाना बंद पडला, त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याही गेल्या. त्यांच्यामागे ती टिचकी तेवढी बाबांनी ठेवून घेतली.

कारखान्याची जागा मग नुसती पडून राहिली. पत्रे गेले, दारं गेली, धुराडं पाडलं. गुडघाभर गवत माजलं आणि त्यात लोक मोडक्या खुर्च्यांपासून मेलेल्या मांजरांपर्यंत काय वाट्टेल ते आणून टाकू लागले. ‘तिकडे फिरकायचं नाही, काचा आहेत,’ हे माझ्या लेकीने ऐकलेलं बहुधा पहिलं लांब वाक्य असेल. बाबा मात्र मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून त्या उकिरड्याकडे बघत बसायचे. बघण्यासारखं काय आहे तिथे, असं मनात यायचं. विचारलं कधी नाही.

नंतर नगरपालिकेने ती जागा ताब्यात घेतली. काचांची माती उपसून नेली, नवी आणून पसरली. धावपट्टी आखली, चेंडू खेळायला मैदान केलं, झोपाळे आले, बाकं आली. मला तर हायसं वाटलं. दोन खोल्यांत भिंतींना धडकत वाढणाऱ्या पोरीला पळायला जागा मिळाली, आणि मला तिच्यामागे उभं राहून नुसता मोकळा श्वास घ्यायला.

मैदान खुलं झालं त्या दिवशी गर्दीत बाबा दिसेनात. शोधत गेले तर ते पार पलीकडच्या रस्त्याला, नव्याने रंगवलेल्या भिंतीसमोर उभे. अंगात धुतलेला सदरा, केस विंचरलेले.

“उघडतील आता,” म्हणाले.

जुनं फाटक तिथे होतं. मी सांगितलं की दार आता मागच्या बाजूने केलंय, लोक केव्हाचे आत गेलेत. ते भिंतीकडे बघत राहिले.

“तिकडनं आत गेलेल्या माणसाला कळायचं कसं, कुठं काय आहे ते?”

त्यांचं तिथेच अडलं होतं. एका संध्याकाळी माझ्यासोबत शेंगा सोलताना ते आपणहून बोलले. मैदान झालं ते बरंच झालं, पोरं खेळतात, चांगलं आहे. बाकी त्यांना काही नको होतं. सासूबाईंचं तपासणीचं टेबल कुठे होतं, तेवढी जागा सापडायला हवी होती.

त्यासाठी ते रोज धावपट्टीवरून चालत. दुसऱ्या वळणाजवळ आले की त्यांचा डावा हात आपोआप वर जायचा, तळवा गालापुढे आडवा धरला जायचा आणि मान उजवीकडे वळायची. जुन्या भट्टीचं तोंड तिथे होतं. तिच्यासमोरून जाताना गाल भाजू नये म्हणून सगळे कामगार तसंच करत. आता तिथे हिरवळ होती आणि गार वारा होता. पण हाताला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. ते चार पावलं तसे चालत, मग घुटमळत आणि उभेच राहत.

पोरांनी त्यांचं नाव ‘सिग्नल आजोबा’ ठेवलं. धावायच्या सरावाला येणाऱ्या मुलींनी आधी नक्कल म्हणून त्या वळणावर हात वर केला. मग ती सवय झाली. नवीन आलेल्या मुलींना तर वाटलं, हा इथला नियमच असावा. एकदा त्यांच्या शिक्षिकेने मला गाठलं. तुमचे सासरे माझ्या मुलींना काय शिकवतात ते मलाही कळू दे म्हणाली, काल एकीचा हात दुसरीच्या नाकावर बसला. मी तिला भट्टीचं सांगितलं. ती त्या वळणाकडे बघत राहिली आणि नाकाचा विषय तिथेच संपला.

मग एका सकाळी बाबा असेच वळणावर थबकले आणि मागून धावत येणारा एक गडी त्यांच्यावर आदळला. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. मोडलं काही नाही. पण ह्यांनी निर्वाणीचं सांगितलं, बाकावर बसून हवा खायची असेल तर खा, पट्टीवर पाय ठेवायचा नाही. बाबा बाकावर बसू लागले. एरवीही त्यांचा दम पुरेनासा झाला होता, घरातल्या घरात भिंत धरून चालत. सकाळची टिंग यायची, पण उशिरा.

एकदा हे कामावर गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“पोरी, एकदा मला पट्टीवर घेऊन चल.”

“बाबा, ह्यांना कळलं तर माझी काही धडगत नाही.”

“भट्टीपर्यंत मी बरोबर येतो. पुढं पट्टी वळते, नि पाय तिच्याबरोबर वळतात. आमची वाट सरळ होती. मी डोळे मिटून चालतो, तू हात धर. डोळे उघडे असले की सगळं हे नवीनच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. लेक पुढे पळत होती, तिला मागे बोलावलं. बाबांनी आधी त्या भिंतीला आतून पाठ टेकवली, जुन्या फाटकाच्या जागी. डोळे मिटले. मी उजवा हात धरला, डावा त्यांना लागणार होता.

ते चालू लागले आणि मला नवल वाटलं, कारण घरात भिंत धरणारा माणूस हा नव्हता. वळण आलं. हात वर गेला, मान फिरली. माझाही गाल उगीच आत ओढला गेला. पट्टी डावीकडे वळली. बाबा सरळ गेले. हिरवळीवरून, आखलेल्या पांढऱ्या रेघेवरून. मग हात हळूच खाली आला.

“गार लागलं,” ते पुटपुटले. अजून थोडं चालले. “इथं.”

डोळे उघडले तेव्हा त्यांचे पाय वाळूत होते. लांब उडीचा खड्डा होता तो. समोर मुली उडीसाठी रांगेत उभ्या होत्या आणि शिक्षिकेची शिट्टी ओठांपर्यंत आलेली. तिने ती न वाजवता खाली घेतली, मुलींना काहीतरी सांगितलं आणि त्या वळून पट्टीवर धावायला गेल्या.

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. मूठभर वाळू घेऊन बोटांमधून सोडली. “बारीक आहे. काच चांगली झाली असती हिची.”

लेक त्यांच्याशेजारी वाळूचा डोंगर करत होती.

“मी इकडनं गेलो की ती बाटली उजेडाला धरायची,” ते म्हणाले, “नि तिच्यातनं माझ्याकडं बघायची. लोकांना वाटायचं, तपासतेय.”

“आणि तुम्ही?”

“मी काय करणार? मागं रांग असायची. थांबता यायचं नाही.”

त्यांनी डोळ्यांसमोर रिकामी मूठ धरली, वर आकाशाकडे. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. “खिडकी तिच्या डाव्या अंगाला होती. आता उजेड सगळीकडनंच येतो.”

लांबवर मुली वळणाशी पोचल्या होत्या. एकेकीचा हात वर होत होता, खाली येत होता. बाबा ते बघत बसले. त्या जवळ आल्या तसे माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले.

“चल. रांग आली.”

थंडी सरता सरता बाबा गेले. त्यांचा पेला मी फळीवर पालथा घालून ठेवला आहे. सकाळी पाणी पितो ते स्टीलच्या भांड्याने, आणि घर उठतं ते गजराने.

संध्याकाळी हाताशी जरा वेळ असला की लेकीला घेऊन मैदानावर जाते. काल ती माझ्यापुढे पळत होती. वळण आल्यावर तिने पळणं थांबवलं, डावा तळवा गालापुढे आडवा धरला आणि मान वळवून अगदी त्यांच्यासारखी चालत गेली. मग परत मागे आली. पुन्हा तशीच गेली. तिसऱ्यांदा ती वळणावर उभीच राहिली. हात खाली घेऊन उघडा गाल त्या हिरवळीकडे केला, डोळे मिटले आणि वाट बघितली.

“आई,” तिने डोळे न उघडताच विचारलं, “मला अजून गरम का लागत नाही?”