नाडीबाबांची सुरी

"हे झाड महिन्याभरात जाणार!"

नाडीबाबांनी डाळिंबाच्या खोडात सुरी खुपसली, सालीला कान लावला आणि डोळे मिटले. गर्दी श्वास रोखून उभी. दोन महिन्यांत बाबांनी 'जाणार' म्हटलेली एकोणीसच्या एकोणीस झाडं वाळली होती. मी शाळेत शास्त्र शिकवतो, तरी माझीही बोलती बंद होती.

आज पाळी दादाच्या मातृवृक्षाची होती. त्याच्याच कलमांवर दादाची रोपवाटिका चालायची.

दादा गयावया करू लागला, "बाबा, काहीतरी उपाय सांगा! हे गेलं तर आम्ही संपलो."

"नाडी बोलली, बाळा. यमाकडे वशिला चालत नाही."

वहिनीची नजर मात्र सुरीवर होती. "बाबा, ही धूत का नाही तुम्ही?"

"धुतली की सिद्धी जाते!"

"आम्ही तर प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसतो," वहिनी म्हणाली आणि तिने झाडांची रोगतपासणी करणाऱ्या बाईंना फोन लावला.

बाई अर्ध्या तासात आल्या. त्यांनी सुरीला चिकटलेला भुसा कुपीतल्या पाण्यात ढवळला, थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला. दहा मिनिटं कुणी हललं नाही. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"मर रोगाची बुरशी," बाई म्हणाल्या. "रोगट झाडातली सुरी निरोगी झाडात गेली, की भविष्य खरं होणारच. ज्यांना 'जगेल' म्हणाले, त्या झाडांना सुरी लावली होती?"

"नाही," दादा पुटपुटला. "'जगणाऱ्याला कशाला दुखवायचं' म्हणाले."

"आणि तुमच्या अंगणातल्या डाळिंबांना, बाबा?" वहिनीने विचारलं.

 सुरी तिथेच टाकून बाबा गर्दीतून सटकले.

दादाने बाईंचे हात धरले. "माझं झाड वाचेल ना?"

"घाव आत्ताचा आहे, पट्टीला आज काही कळणार नाही. फांदीवर असता तर फांदी छाटली असती. हा खोडावर आहे." बाईंनी वर बोट दाखवलं. "वरच्या काड्या कलमांसाठी लगेच काढा, दुसरीकडे लावा. एवढंच हातात आहे."

वहिनी शिडीवर चढली. मी खाली कात्री पुसून देत होतो. रोज कात्री पुसणाऱ्या दादाने ती सुरी स्वतः या झाडापर्यंत आणली होती. तो खोडाला टेकून रडत होता.

लोकहो, 'सुरी का धूत नाही?' हा प्रश्न मलाही पहिल्याच दिवशी पडला होता. चारचौघांत हसं होईल म्हणून मी तो गिळला. तुम्ही गिळू नका. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी चमत्कार करणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा, आणि मोठ्याने विचारा. मी विचारलं असतं, तर दादाच्या झाडाला आज घाव नसता.