लागतं का

“सूर पायान धर गो, गल्यान नको धरू...” लहानपणी गाणं शिकवताना मावशी सांगायची, आणि सारवलेल्या अंगणात तिची टाच पडत राहायची, धप्... धप्... आणि इथे सखू बुटाच्या चिकटपट्टीकडे बघते आहे — काळी पट्टी, तिच्यावर कुणाचा तरी एक पांढरा केस. केस दिसतो, पट्टी दिसते, पट्टीखाली फुगलेला पाय आपलाच दिसतो, मग आत कुणीच कसं नाही?

“टाइट तो नहीं ना, अम्मा?” दुकानदार खाली बसून विचारत होता.

“बरोबर हाय.”

डॉक्टरांनी मऊ, बंद बूट सांगितले म्हणून सून भाविका तिला खरवईहून इथे, उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये घेऊन आली होती. बरोबर हाय... हे तर आता पाठच झालं होतं. डोळे मिटायला लावून डॉक्टर तळव्याला प्लास्टिकचा बारीक दोरा टेकवत होते — लागतं का, आजी? — तेव्हा तिनं कान दिला. दोरा टेकवायला वाकले की त्यांची खुर्ची करकरायची. लग्नांतून धवले गाण्यात जन्म गेलेल्या बाईला ताल कळायला कितीसा वेळ... खुर्ची करकरली की हो. पुन्हा हो. साखर तेवढी जास्त आहे, पाय जपा, म्हणाले डॉक्टर.

काय करू मग? उद्या रिद्धीचं, पुतण्याच्या लेकीचं, लग्न. आणि धवलारीण मांडवात अनवाणीच उभी राहते. लेक कल्पेश परवा जेवताना म्हणाला होता, “पाय बधिर निघाला ना आये, तर मांडव बंद. मोबाईलवर लावू धवले.” हसत म्हणाला. पण पोरं हसता हसताच खरं बोलतात...

आधी मुंग्या होत्या. पाय जळायचे, ती मुंग्यांना शिव्या द्यायची, पाय गार फरशीला लावायची. मग एक दिवस मुंग्या निघून गेल्या, वारूळ तेवढं राहिलं. घाम नाही, ओल नाही. टाच अशी पांढरी, तडकलेली, जसं मीठ उचलून नेल्यावरचं आगर. आणि शहाडच्या त्या हळदीत — तापलेल्या लादीवर उभी राहून तिनं अख्खं गाणं म्हटलं, आणि शेजारची बाई म्हणाली, आजी, हे पाणी कसलं सांडलं? फुटलेल्या फोडाचं पाणी. तिनं पदरानंच पुसलं. घरी सांगितलं, ठेच लागली.

“चालून बघा ना, आई.”

ती आरशापर्यंत गेली, परत आली. आरशातली बाई नीट चालत होती. दुकानदारानं डावा बूट काढला, आत हात घातला, आणि कागदाचा चुरगळलेला बोळा बाहेर आला — चांगला लिंबाएवढा.

“अरे अम्मा, ये तो अंदरही रह गया. चुभा नहीं?” तो हसला.

भाविका हसली नाही.

“आई... चालताना कळलं नाय?”

नवा बूट असाच असतो वाटलं — हे सखूच्या जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात भाविका तिथेच फरशीवर बसली, सासूचा पाय तिनं मांडीवर घेतला, टाचेवर अंगठा दाबला. अंगठ्याचं नख पांढरं झालेलं सखूला दिसलं. नुसतं दिसलं. दुसऱ्याच कुणा बाईचा पाय कुणी मायेनं चेपतंय, आणि आपण वाटेवर उभं राहून बघतोय, तसं. हिच्या लग्नात हिच्या पायांवर दूधपाणी ओतताना आपणच गायलो होतो, तेव्हा तिनं कसे अंग चोरून पाय मागे घेतले होते, गार लागलं म्हणून...

“दुखतं?”

दुखलं असतं तर...

“भाविका, बाय,” सखूचा आवाज खाली आला, “तू हात लावलास का काढलास, बघितल्याबिगर मना कलत नाय. दिवालीपासना. कल्पेशला वाटतं, मना गायाचा हाय म्हनून मी ऐकत नाय... तसा नाय गो. उद्या उभी र्‍हायाची मना भ्या वाटतं.”